‘समोर’ म्हणजे नेमके कुठे? स्थान आणि दिशा सांगणारे इंग्रजी शब्द

नागपुरात कामठी मार्गावर गड्डीगोदामजवळ वाहतुकीचे चार स्तर एकावर एक आले आहेत. सर्वांत खाली रस्ता आहे, त्या रस्त्यावरून रेल्वेचे रूळ जातात, रुळांवरून उड्डाणपूल जातो आणि त्याच्याही वर मेट्रो धावते. २०२४ साली हा दुमजली उड्डाणपूल वाहतुकीसाठी खुला झाल्यापासून त्याचे वर्णन परगावच्या, परप्रांताच्या माणसाला करून सांगण्याची वेळ पुष्कळ नागपूरकरांवर येते. मराठीत हे वर्णन सहज होते, कारण गाडी पुलावर असो, पूल रुळांवरून जात असो किंवा मेट्रो रस्त्याच्या कितीतरी वर असो, तिन्ही ठिकाणी ‘वर’ हा एकच शब्द थोड्याफार फरकाने पुरतो. इंग्रजीत मात्र गाडी पुलाच्या ‘ऑन’ असते, पूल रुळांच्या ‘ओव्हर’ जातो आणि मेट्रोची उंची रस्त्याच्या ‘अबव्ह’ मोजली जाते.

उत्तम इंग्रजी वाचणारी, कार्यालयात रोज इंग्रजीत पत्रव्यवहार करणारी माणसेही या छोट्या शब्दांपाशी अडखळतात. याचे कारण शब्दसंपत्तीत शोधू नये. आपण मराठी वाक्यातला ‘वर’, ‘त’ किंवा ‘समोर’ पाहून त्याला शाळेत पाठ केलेला एक ठरावीक इंग्रजी शब्द जोडतो आणि फसतो ते नेमके तिथेच. इंग्रजी शब्द निवडताना मराठी प्रत्यय बाजूला ठेवून जागेचे चित्र डोळ्यांसमोर आणले, तर बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

व्याकरणात अशा शब्दांना मराठीत शब्दयोगी अव्यये म्हणतात आणि इंग्रजीत प्रीपोझिशन. मराठीत ते नामाच्या मागून, बहुधा त्याला चिकटून येतात, तर इंग्रजीत नामाच्या आधी आणि सुटे. या लेखापुरते आपण त्यांना ‘स्थानशब्द’ म्हणू.

ठिपका, रेघ आणि बंदिस्त जागा

‘ॲट’, ‘ऑन’ आणि ‘इन’ हे तीन स्थानशब्द सर्वाधिक वापरले जातात आणि सर्वाधिक चुकतात. ते समजण्यासाठी ठिपक्यांची रांगोळी आठवावी. रांगोळीत आधी ठिपके असतात, मग ठिपक्यांवरून रेघा जातात आणि शेवटी रेघांनी वेढलेल्या जागा तयार होतात, ज्यांत आपण रंग भरतो. जागेकडे आपण ठिपका म्हणून पाहत असू तर ‘ॲट’, रेघ किंवा पृष्ठभाग म्हणून पाहत असू तर ‘ऑन’, आणि चारही बाजूंनी वेढलेली जागा म्हणून पाहत असू तर ‘इन’.

इथे महत्त्वाची गोष्ट अशी की, एकच जागा बोलणाऱ्याच्या हेतूप्रमाणे ठिपकाही असू शकते आणि बंदिस्त जागाही. ‘मी नागपुरात राहतो’ असे म्हणताना नागपूर हे वस्त्या, रस्ते, तलाव असलेले विस्तीर्ण शहर असते, म्हणून ‘आय लिव्ह इन नागपूर’. पण मुंबईहून हावड्याला जाणाऱ्या गाडीच्या दृष्टीने तेच नागपूर प्रवासाच्या रेघेवरचा एक ठिपका आहे, म्हणून ‘द ट्रेन स्टॉप्स ॲट नागपूर’. मोठ्या शहराला ‘इन’ आणि लहान गावाला ‘ॲट’ असा नियम जुन्या व्याकरणपुस्तकांत सापडतो. तो पूर्णपणे चुकीचा नाही, परंतु त्याने गावाच्या आकारावर भर दिला आणि खरे कारण झाकले गेले.

वर्धा मार्ग ही रेघ, म्हणून दुकान ‘ऑन वर्धा रोड’. त्या मार्गावरचा विशिष्ट क्रमांकाचा बंगला हा ठिपका, म्हणून तिथे ‘ॲट’. मित्राला सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकावर भेटायचे ठरले तर ‘ॲट द स्टेशन’, कारण ते भेटीचे ठिकाण आहे. पण पाऊस लागल्याने आपण स्थानकाच्या इमारतीत जाऊन थांबलो असू तर ‘इन द स्टेशन’. ‘ॲट द हॉस्पिटल’ म्हणजे रुग्णालयाच्या ठिकाणी, मग कामासाठी गेलेले का असेना. ब्रिटिश वापरात ‘इन हॉस्पिटल’ म्हटले की ऐकणारा समजतो, माणूस दाखल आहे. एवढ्या एका शब्दाने फोनवर पलीकडच्या घरात काळजी पसरू शकते.

काही ठिकाणी आपली मराठी आपल्याला आयती मदत करते. खोलीच्या ‘कोपऱ्यात’ आणि रस्त्याच्या ‘कोपऱ्यावर’ हा भेद आपण न शिकता पाळतो आणि इंग्रजीतही तो तसाच आहे, खोलीसाठी ‘इन द कॉर्नर’ आणि रस्त्यासाठी ‘ऑन’ किंवा ‘ॲट द कॉर्नर’. वाहनांच्या बाबतीत मात्र वेगळा संकेत आहे. ज्यात उभे राहता येते, चालता येते अशा बस, रेल्वे, विमानासाठी बहुधा ‘ऑन’, आणि ज्यात वाकून बसावे लागते अशा मोटारीसाठी किंवा ऑटोसाठी ‘इन’. पायी आलो हे सांगताना मात्र ‘बाय वॉक’ असे म्हणू नये, ‘ऑन फूट’ म्हणावे.

‘ऑन’चा संबंध स्पर्शाशी आहे

‘ऑन म्हणजे वर’ हे समीकरण लहानपणी डोक्यात इतके पक्के बसते की ‘भिंतीला लावलेले घड्याळ’, ‘छताला टांगलेला पंखा’ आणि ‘दाराला चिकटवलेला कागद’ यांना ‘ऑन’ लागतो हे पटायला वेळ लागतो. पंखा छताच्या खाली असतो, तरी ‘ऑन द सीलिंग’. इंग्रजीचा ‘ऑन’ वस्तू पृष्ठभागाला टेकली आहे की नाही एवढेच पाहतो, ती वरून टेकली आहे की खालून याच्याशी त्याला कर्तव्य नसते. संत्री झाडाला लागलेली असतात, म्हणून ‘ऑन द ट्री’. त्याच झाडावर बसलेला पोपट मात्र फांद्या आणि पानांच्या वेढ्यात असतो, म्हणून ‘इन द ट्री’. मराठीत दोघेही झाडावरच असतात.

स्पर्श सुटला की ‘ओव्हर’ आणि ‘अबव्ह’ यांचा विचार सुरू होतो. ‘ओव्हर’मध्ये एक गोष्ट दुसरीच्या अगदी डोक्यावर असते, तिला झाकते किंवा ओलांडून जाते. गड्डीगोदामचा उड्डाणपूल रुळांच्या ‘ओव्हर’ जातो, कारण तो त्यांना ओलांडतो. ‘अबव्ह’ फक्त पातळी सांगतो, डोक्यावर असण्याची अट त्याला नाही. म्हणूनच नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे हे सांगताना ‘अबव्ह सी लेव्हल’ म्हणतात, समुद्र आपल्या पायाखाली नसला तरी. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या ‘अबव्ह’ जातो, तोही याच अर्थाने.

खालच्या दिशेला हीच जोडी ‘अंडर’ आणि ‘बिलो’ अशी आहे. पुलाखाली उभी असलेली हातगाडी ‘अंडर द फ्लायओव्हर’ असते, कारण पूल तिच्या डोक्यावर आहे. ‘बिलो’ पुन्हा पातळीचा शब्द आहे, आणि धरण, तलाव, नदी यांच्याबाबत त्याला एक विशेष अर्थ आहे, तो नीट लक्षात घ्यायला हवा. २३ सप्टेंबर २०२३ रोजी पहाटेच्या मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. या वस्त्यांना इंग्रजीत ‘द एरियाज बिलो द लेक’ म्हणतात, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या अंगाला असलेल्या. ‘अंडर द लेक’ म्हटले तर अर्थ होईल तलावाच्या तळाखाली. पुराची सूचना इंग्रजीत वाचताना ‘बिलो द डॅम’ या तीन शब्दांत आपली वस्ती येते की नाही, हे कळणे म्हणजे वेळेवर घर सोडणे किंवा न सोडणे आहे.

एक ‘समोर’, तीन जागा

‘माझे घर बँकेच्या समोर आहे’ या वाक्याचे भाषांतर आपल्याकडे जवळजवळ नेहमी ‘इन फ्रंट ऑफ द बँक’ असे होते, आणि घर रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला असेल तर ते चुकते. ‘इन फ्रंट ऑफ’ म्हणजे बँकेच्या दर्शनी भागापुढे, तिच्याच बाजूला, जिथे लोक दुचाकी लावतात तिथे. रस्त्याच्या पलीकडे, बँकेकडे तोंड करून असलेल्या घरासाठी शब्द आहे ‘ऑपोझिट’. म्हणून ‘माय हाऊस इज ऑपोझिट द बँक’. जागा सांगताना ‘ऑपोझिट’नंतर ‘टू’ लावण्याची आवश्यकता नाही, आणि ‘ऑपोझिट ऑफ’ हा प्रयोग तर विरुद्धार्थी शब्दांसाठी आहे. अमेरिकन माणूस याच अर्थी ‘अक्रॉस द स्ट्रीट फ्रॉम द बँक’ म्हणेल.

नागपुरात याला आणखी एक पदर आहे. पुण्या-मुंबईकडे जिथे ‘पुढे जा’ म्हणतात, तिथे आपल्या विदर्भात ‘समोर जा’ म्हणतात. ‘चौकातून थोडे समोर गेले की डाव्या हाताला दुकान आहे’ हे वाक्य शहरातल्या कोणत्याही पानठेल्यावर ऐकायला मिळते, आणि पुढच्या महिन्यालाही आपण ‘समोरचा महिना’ म्हणतो. हा वापर आपल्या बोलीचा आहे, तो खुशाल जपावा. परंतु इंग्रजीत उतरवताना हा ‘समोर’ ना ‘इन फ्रंट ऑफ’ आहे, ना ‘ऑपोझिट’. इथे हवे आहे ‘फर्दर अलाँग’, ‘अहेड’ किंवा नुसते ‘गो स्ट्रेट ऑन’. ‘चौकाच्या समोर’ याचा नागपुरी अर्थ चौक ओलांडल्यावर असा असेल तर ‘पास्ट द स्क्वेअर’ किंवा ‘जस्ट आफ्टर द स्क्वेअर’ म्हणावे. परगावच्या पाहुण्याला ‘इन फ्रंट ऑफ द स्क्वेअर’ असे कळवले तर तो चौकाच्या अलीकडेच उतरेल, आणि त्यात त्याचा काहीही दोष नसेल.

‘द’ या एका शब्दानेही इथे बराच फरक पडतो. ‘इन फ्रंट ऑफ द बस’ म्हणजे बसच्या बाहेर, तिच्या पुढ्यात, जिथे उभे राहणे धोक्याचे आहे. ‘इन द फ्रंट ऑफ द बस’ म्हणजे बसच्या आत, पुढच्या आसनांवर.

‘मागे’साठी ‘बिहाइंड’ वापरावा. ‘बॅकसाइड ऑफ द हॉस्पिटल’ असे आपल्याकडच्या पाट्यांवरही लिहिलेले आढळते, पण भारताबाहेरच्या इंग्रजीत ‘बॅकसाइड’ म्हणजे शरीराचा मागचा, बसण्याचा भाग. तो शब्द पत्त्यात लिहू नये. त्याचप्रमाणे वरच्या मजल्यासाठी ‘अपसाइड’ नव्हे तर ‘अपस्टेअर्स’ म्हणावे. ‘डाउनसाइड’चा तर जागेशी संबंधच नाही, त्याचा अर्थ तोटा.

चालणाऱ्या माणसाचे शब्द

आतापर्यंतचे शब्द स्थिर वस्तूंचे होते. हालचाल आली की इंग्रजी वाटेचा आकार विचारते. नाग नदीचेच उदाहरण घेऊ. ती शहराच्या आतून, एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडते, म्हणून ‘थ्रू द सिटी’. तिच्या काठाकाठाने चालत गेलो तर ‘अलाँग द रिव्हर’. पुलावरून दुसऱ्या तीरावर गेलो तर ‘अक्रॉस द रिव्हर’. आणि पुलाजवळून, तो न ओलांडता, सरळ निघून गेलो तर ‘पास्ट द ब्रिज’. थोडक्यात, लांबीच्या दिशेने ‘अलाँग’, रुंदीच्या दिशेने ‘अक्रॉस’, पोटातून आरपार ‘थ्रू’ आणि शेजारून पुढे ‘पास्ट’.

‘पर्यंत’ या शब्दाने होणारी चूक इतकी रूढ आहे की ती चूक वाटत नाही. ‘चौकापर्यंत जा’ याचे आपण ‘गो टिल द स्क्वेअर’ करतो. ‘टिल’ प्रमाण इंग्रजीत वेळेसाठी आहे, ‘टिल फाइव्ह ओक्लॉक’. जागेसाठी ‘ॲज फार ॲज द स्क्वेअर’ किंवा ‘अप टू द स्क्वेअर’ म्हणतात, आणि ‘अप’ व ‘टू’ हे दोन शब्द सुटे लिहितात.

काही ठिकाणी इंग्रजीला स्थानशब्द नकोच असतो. ‘रीच’नंतर ‘टू’ येत नाही, ‘वी रीच्ड नागपूर’ एवढेच पुरे. खोलीत प्रवेश करताना ‘एंटर द रूम’, मध्ये ‘इन्टू’ नाही. घरी जाताना ‘गो होम’, डावीकडे वळताना ‘टर्न लेफ्ट’. अंतर सांगतानाही तसेच. रामटेक नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे, या वाक्यातल्या ‘वर’साठी इंग्रजीत काहीच येत नाही, ‘रामटेक इज अबाउट फिफ्टी किलोमीटर्स फ्रॉम नागपूर’ हे पूर्ण वाक्य आहे.

डावे कोणाचे, उत्तर कुठली

‘देवळाच्या डावीकडे’ म्हणजे देवळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या डावीकडे, की गाभाऱ्यातून बाहेर पाहणाऱ्या मूर्तीच्या? हा घोळ मराठीतही आहे, पण इंग्रजीकडे त्यावर सोपा उपाय आहे. ‘ऑन युअर लेफ्ट’ म्हटले की ऐकणाऱ्याचा डावा हात ठरतो, आणि त्यापुढे ‘ॲज यू कम फ्रॉम द स्टेशन’ जोडले की त्याचे तोंड कोणीकडे आहे तेही ठरते. नद्यांच्या बाबतीत जगभर एकच रीत आहे. प्रवाह जिकडे वाहतो तिकडे तोंड करून उभे राहावे आणि मग डावा-उजवा तीर ठरवावा. नाग नदी शहरातून साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, त्यामुळे तिचा डावा तीर उत्तरेचा.

दिशांमध्ये ‘इन’ आणि ‘टू’ यांचा भेद पाळावा लागतो. काटोल नागपूर जिल्ह्याच्याच पश्चिम भागात आहे, म्हणून ‘इन द वेस्ट ऑफ द डिस्ट्रिक्ट’. भंडारा जिल्हा नागपूर जिल्ह्याबाहेर पूर्वेला आहे, म्हणून ‘टू द ईस्ट ऑफ’. उपदिशांसाठी आपल्याकडे ईशान्य, आग्नेय, नैऋत्य, वायव्य असे स्वतंत्र, सुंदर शब्द आहेत, तर इंग्रजी दोन शब्द जोडते आणि त्यात उत्तर किंवा दक्षिण नेहमी आधी घेते. ‘ईस्ट-साउथ’ असे कधी होत नाही, ‘साउथ-ईस्ट’च होते. ‘नागपूर दक्षिण-पश्चिम’ या विधानसभा मतदारसंघाच्या नावात हाच क्रम मराठीतही उतरलेला दिसतो.

‘समोरच्याला समजले म्हणजे झाले ना?’

हा आक्षेप रास्त आहे. गावातल्या गावात, एकमेकांच्या बोलीची सवय असलेल्या माणसांत ‘इन फ्रंट ऑफ’ने काम भागते, आणि आता तर मोबाइलवर ठिकाणच पाठवता येते. पण नकाशावरचा बिंदू दार दाखवत नाही. एकावर एक तीन मार्ग असलेल्या ठिकाणी गाडी पुलावर आहे की पुलाखाली, हे शेवटी शब्दांनीच सांगावे लागते. तेलंगणातून आलेला ट्रकचालक आणि बंगळुरूहून फोन करणारा कंपनीचा माणूस यांच्याशी आपण इंग्रजीतच बोलतो आणि आपला ‘समोर’ त्यांना ठाऊक नसतो.

कागदपत्रांत तर याहून अधिक काळजी घ्यावी. जमिनीच्या किंवा सदनिकेच्या इंग्रजी खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते, ‘ऑन ऑर टुवर्ड्स द ईस्ट’ या धर्तीवर चारही दिशांना काय आहे ते. तिथे ‘अबटिंग’ किंवा ‘ॲडजॉइनिंग’ म्हणजे हद्दीला हद्द लागलेली. ‘निअर’ म्हणजे नुसते जवळ. भूखंड रस्त्याला लागून आहे असे तोंडी सांगितले गेले आणि खरेदीखतात ‘निअर द रोड’ लिहिले गेले, तर रस्ता आणि भूखंड यांच्या मध्ये दुसऱ्याची पट्टी असू शकते. सही करण्याआधी या शब्दांवर बोट ठेवून वकिलाला विचारावे, असे मी आग्रहाने सांगेन. शेजारच्या वस्तूसाठी ‘बिसाइड’ आणि ‘शिवाय’ या अर्थी ‘बिसाइड्स’, यातला एक ‘स’ही अशा कागदात विसरता येत नाही.

‘ब्रिटिश एक म्हणतात, अमेरिकन दुसरे, मग आपले भारतीय इंग्रजी का नको?’

‘ऑपोझिट’ आणि ‘अक्रॉस फ्रॉम’, ‘टुवर्ड्स’ आणि ‘टुवर्ड’ असे फरक आहेत खरे, पण ते एकमेकांना समजतात. एका बाजूची निवड करून ती लेखनात सातत्याने पाळली की पुरे. भारतीय इंग्रजीलाही तिचे स्थान आहे, आणि ‘आउट ऑफ स्टेशन’सारखे प्रयोग देशभर कळतात. माझा निकष एवढाच आहे की, प्रयोगामुळे ऐकणारा वेगळ्या जागी पोहोचत असेल तर तो टाळावा. ‘गो टिल द स्क्वेअर’ ऐकून कोणी भरकटत नाही, ती चूक लेखनात सुधारली तरी चालेल. ‘इन फ्रंट ऑफ’ ऐकून माणूस रस्त्याच्या चुकीच्या बाजूला उभा राहतो, म्हणून ती आधी सुधारावी.

‘म्हणजे मराठी तोकडी आहे का?’

मुळीच नाही. मराठी ‘वर्ध्याला’ आणि ‘वर्ध्याकडे’ यांत पोहोचणे आणि नुसती दिशा वेगळी करते, अगदी ‘टू’ आणि ‘टुवर्ड्स’प्रमाणे. शिवाय ‘अलीकडे’ आणि ‘पलीकडे’ ही आपली जोडी बोलणारा किंवा येणारा कुठे आहे हे पोटात घेऊन चालते. ‘पलीकडे’साठी इंग्रजीत ‘बियाँड’, ‘पास्ट’, ‘अक्रॉस’ असे पर्याय आहेत, पण ‘अलीकडे’साठी तेवढाच नेटका एक शब्द नाही. त्यासाठी ‘ऑन धिस साइड ऑफ’ म्हणावे लागते, किंवा वाट सांगताना ‘जस्ट बिफोर’.

म्हणून मेट्रो स्थानकातून बाहेर पडून डावीकडे वळा, मुख्य रस्त्याने पेट्रोल पंपावरून पुढे चौकापर्यंत या, दुकान चौकाच्या अलीकडे, उजव्या हाताला, बँकेच्या समोर रस्त्यापलीकडे आहे, ही वाट इंग्रजीत अशी लिहावी: ‘कम आउट ऑफ द मेट्रो स्टेशन अँड टर्न लेफ्ट. वॉक अलाँग द मेन रोड, पास्ट द पेट्रोल पंप. द शॉप इज ऑन युअर राइट, जस्ट बिफोर द स्क्वेअर, ऑपोझिट द बँक.’ यातले ‘चौकापर्यंत या’ हे शब्द मुद्दाम गाळले आहेत, कारण ‘जस्ट बिफोर’ आल्यावर पाहुण्याला चौकापर्यंत जावेच लागत नाही.